जुन्या प्रोटोटाइप बोर्डांवरच्या आयसी काढणे, तपासणे आणि पुन्हा वापरणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजची मायक्रोप्रोसेसर लॅब रिकामी होते, कारखान्याच्या आर अँड डी विभागाचं कपाट उघडतं, आणि झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डावर) बांधलेली, वायर-रॅप केलेली (पिनांवर तार गुंडाळून जोडलेली), हाताने डाख दिलेली जुनी कार्डं भंगाराच्या ढिगात येतात. त्यांवरच्या बऱ्याच आयसी (एका चिपमध्ये बसवलेली सर्किटं) अजून धडधाकट असतात. खालची उत्तरं मुख्यतः १९८० ते २००० च्या सुमाराच्या, ८०८५, झेड८० आणि ८०५१ या प्रोसेसर-घराण्यांच्या बोर्डांसाठी आहेत. नव्या एसएमडी (पाय भोकात न घालता पृष्ठभागावरच सोल्डर केलेल्या आयसींच्या) बोर्डांबद्दलही थोडं आहे.

कोणत्या आयसी काढण्यासारख्या आहेत?

सगळ्या नाहीत. ७४एलएस००, ५५५, ७४१ या आजही नव्या आणि स्वस्त मिळतात. त्या सोल्डर केलेल्या असतील तर सोडून द्या, बेसमध्ये (सोल्डरविना नुसत्या खोचलेल्या) असतील तर उचला. मेहनत घ्यावी ती पुढच्यांसाठी: ८०८५, झेड८०, ८२५५, ८२५३, ८२७९, ८२५१ यांसारख्या डीआयपी (पायांच्या दोन समांतर रांगांच्या) आयसी, खिडकीच्या ईप्रॉम (अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी), ६११६, ६२६४, ६२२५६ रॅम, एडी५७४सारखे महागडे एडीसी (व्होल्टेजचे अंक करणाऱ्या आयसी), जीएएल (आतलं लॉजिक प्रोग्राम करता येणारी आयसी), आणि क्लॉकसाठीचे क्रिस्टल. झेड८० सीपीयूच्या शेवटच्या ऑर्डरी झायलॉगने जून २०२४ पर्यंतच घेतल्या. म्हणजे आज भंगारात पडलेला डीआयपी झेड८० पुन्हा कारखान्यातून येणार नाही.

आयसी बेससुद्धा पाहा. खरादलेल्या गोल पिनांचे, सोन्याचा मुलामा असलेले बेस चांगल्या अवस्थेत असतील तर तेही काढा. पत्र्याच्या पातीचे स्वस्त बेस मात्र टाकून द्या. त्यांच्या पात्या सैल होतात आणि पुढे तासन्‌तास न सापडणारे दोष निर्माण करतात.

बोर्ड हातात आल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

सोल्डरिंग आयर्न तापवू नका. आधी बॅटरी काढा. रॅमच्या बॅकअपसाठी लावलेली निकेल-कॅडमियम बॅटरी बहुतेक वेळा गळलेली असते. हिरवट-पांढरी पूड दिसली तर ती अल्कली आहे. कापसाच्या काडीने व्हिनेगर लावा, फेस थांबल्यावर पाण्याने धुवा, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून पूर्ण वाळवा. लिथियमची बॅटरी असेल तर गरम हवा लावण्याआधी ती काढलीच पाहिजे, नाहीतर ती फुटते.

दुसरं, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोणती आयसी कुठे होती, तिच्या शेजारी कोणता क्रिस्टल होता, ईप्रॉमवरच्या चिकटपट्टीवर पेनाने काय लिहिलं होतं, हे सगळं फोटोत आलं पाहिजे. प्रोटोटाइपचा नकाशा अनेकदा कुठेच नसतो. तो बोर्ड हीच त्याची एकमेव नोंद.

तिसरं, शक्य असेल तर बोर्ड जिवंत करून पाहा. आधी मल्टिमीटरने ५ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजा. शून्याजवळ आला तर बहुधा एखादा टँटलम कपॅसिटर शॉर्ट असतो. तो काढून पुन्हा मोजा. मग करंट लिमिट लावलेल्या सप्लायवरून ५.० व्होल्ट द्या. चालणाऱ्या बोर्डावरून काढलेली आयसी ही अर्धी तपासलेली आयसी असते. ही पायरी वगळली की पुढे प्रत्येक आयसी वेगळी तपासत बसावं लागतं.

आयसीवरचे आकडे कसे वाचायचे? ‘७४३२’ हा नंबर की तारीख?

दोन्ही असू शकतं, आणि इथेच घोटाळा होतो. तारखेचा कोड बहुधा चार अंकी असतो: पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८५१२ म्हणजे १९८५ चा १२ वा आठवडा. १९७४ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेल्या आयसीवर ७४३२ दिसेल आणि ती ७४३२ नंबरची ऑर गेट आयसी वाटेल. शेवटचे दोन अंक ५३ पेक्षा मोठे असतील तर तो आठवडा असू शकत नाही. शंका असेल तर पॉवरच्या पिना बोर्डावर शोधा. १४ पायांच्या बहुतेक टीटीएल (७४ मालिकेच्या लॉजिक) आयसीत ७ ला ग्राउंड आणि १४ ला ५ व्होल्ट असतात.

पण ‘बहुतेक’ हा शब्द लक्षात ठेवा. ७४९० आणि ७४९३ ला ५ व्होल्ट पिन ५ वर आणि ग्राउंड १० वर. ७४७५ ला ५ आणि १२. ८२५५ ला तर ४० पाय असूनही ग्राउंड ७ वर आणि ५ व्होल्ट २६ वर. कोपऱ्यातल्या पिनांवर सवयीने सप्लाय जोडून चांगली ८२५५ जाळणारे दरवर्षी भेटतात.

बेसमधली आयसी पाय न वाकवता कशी काढायची?

चिमट्याच्या आकाराचा आयसी पुलर ४० पायांच्या आयसीवर फसवतो. एक टोक आधी उचललं जातं आणि दुसऱ्या टोकाचे पाय दुमडतात. त्यापेक्षा चपटा, अरुंद स्क्रूड्रायव्हर घ्या. आयसी आणि बेस यांच्या मधल्या फटीत घाला (बेस आणि बोर्डाच्या मध्ये नाही, नाहीतर ट्रॅक कापला जाईल). एका टोकाला एक मिलिमीटर उचला, मग दुसऱ्या टोकाला, असं आलटून पालटून. सिरॅमिक आयसीला मधोमध उचकटू नका. तिचं काचेचं जोडबंद तडकतं आणि ती तडक डोळ्यांना दिसत नाही.

थेट सोल्डर केलेली डीआयपी आयसी कशी सोडवायची?

आधी ठरवा: बोर्ड वाचवायचा की आयसी? दोन्ही वाचवायच्या नादात दोन्ही जातात. इथे बोर्ड टाकाऊ आहे असं धरलं आहे.

आयर्न ३५० अंशांवर ठेवा. २००६ च्या आधीच्या बोर्डांवर शिसं-कथलाचं सोल्डर असतं. ६३/३७ मिश्रण १८३ अंशांना वितळतं. शिसेविरहित सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं, त्यामुळे तिथे जरा जास्त वेळ लागतो. प्रत्येक सांध्यावर आधी थोडं ताजं ६०/४० सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारं रसायन) द्या. हे उलट वाटतं खरं, पण जुनं, ऑक्सिडाइज झालेलं सोल्डर ताज्याशिवाय नीट वाहत नाही आणि सकर (वितळलेलं सोल्डर ओढणारा हातपंप) अर्धंच ओढतो. पाय आतून वाकवलेला असेल तर सोल्डर वितळलेलं असतानाच आयर्नच्या टोकाने सरळ करा. मग सकर उभा धरून ओढा. शेजारच्या पायावर लगेच जाऊ नका. १, ५, ९ असं लांब लांब काम करा म्हणजे एकाच जागी उष्णता साठणार नाही. बऱ्याच जुन्या डेटाशीटांत पायांवर ३०० अंश, १० सेकंद अशी मर्यादा दिलेली असते. ती पाळली तर आयसीला काही होत नाही.

सगळे पाय झाल्यावर प्रत्येक पाय नोज प्लायरने हलवून पाहा. ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन पाय होलमध्ये हलला पाहिजे. न हलणारे दोन पाय बहुधा ग्राउंड आणि ५ व्होल्टचे असतात, कारण त्यांना जाड तांब्याचा पट्टा जोडलेला असतो आणि तो उष्णता ओढून घेतो. तिथे पुन्हा ताजं सोल्डर घालून पुन्हा ओढा. हलत नसलेल्या आयसीला खालून उचकटणं म्हणजे पाय मुळाशी तोडणं.

वेगवान मार्ग हॉट एअर ब्लोअरचा आहे. बोर्ड व्हाइसमध्ये सोल्डरची बाजू वर करून धरा, ३५० अंशांवर मोठ्या नोझलने पायांच्या दोन्ही रांगांवर हवा फिरवत राहा. ३० ते ६० सेकंदांत आयसी स्वतःच्या वजनाने किंवा चिमट्याच्या हलक्या ओढीने खाली येते. मोठा बोर्ड असेल तर आयसीभोवतीचा तुकडा आधी हॅकसॉने कापून घ्या, तापवायचा भाग कमी होतो. कापताना मास्क हवाच. ती धूळ काचेच्या तंतूंची आहे.

गॅसच्या शेगडीवर किंवा कोळशावर बोर्ड धरू नका. तापमानावर ताबा राहत नाही, बोर्डाचं रेझिन जळून विषारी धूर निघतो, आणि आयसी बाहेरून चांगली दिसून आतून मेलेली असते.

वायर-रॅप बोर्डांचं काय?

हे सगळ्यात सोपे. आयसी बेसमध्येच असतात, सोल्डरशी संबंधच नाही. बेसच्या लांब चौकोनी पिना ०.६३५ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्यांवर बारीक तार गुंडाळलेली असते. बेस पुन्हा वापरायचा असेल तर तार अनरॅप टूलने उलटी सोडवा, कापू नका. कापलेल्या वेढ्याचे तुकडे पिनेवर राहतात आणि शेजारच्या पिनेला चिकटतात.

एसएमडी आयसी?

एसओआयसी (दोन बाजूंना पाय) आणि टीक्यूएफपी (चारही बाजूंना बारीक पाय) घरच्या ब्लोअरवर निघतात. पायांवर भरपूर फ्लक्स लावा, आसपासचे भाग पिवळ्या कॅप्टॉन टेपने झाका, बोर्ड खालून १०० ते १५० अंश तापवा आणि वरून ३५० ते ३८० अंशांची हवा गोल फिरवा. आयसी चिमट्याने हलकेच ढोसल्यावर तरंगल्यासारखी हलली की उचला. ओढाताण केली तर टीक्यूएफपीचे पाय वाकतात आणि ते सरळ करणं जवळजवळ अशक्य असतं. क्यूएफएनच्या (बाहेर पाय नसलेल्या आयसीच्या) पोटाखालचा पॅड विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) सपाट करा. बीजीए (खाली पायांऐवजी सोल्डरचे गोळे असलेली आयसी) घरी काढता येते, पण नवे गोळे बसवल्याशिवाय वापरता येत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. वर्षानुवर्षं दमट हवेत राहिलेल्या एसएमडी आयसीच्या प्लॅस्टिकमध्ये ओल शिरलेली असते. अचानक तापवल्यावर ती वाफ होऊन आयसी आतून फुटते, लाहीसारखी. कोकणातून किंवा मुंबईच्या पावसाळ्यातून आलेल्या बोर्डाबाबत तर हे धरूनच चाला. काढण्याआधी बॅटरी आणि प्लॅस्टिकचे कनेक्टर वेगळे करून बोर्ड मंद उष्णतेत वाळवा. काढलेली आयसी पुन्हा लावण्याआधी १२५ अंशांवर २४ तास ठेवणं ही नेहमीची पद्धत आहे. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नका. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये ठेवूनही भाजू नका, ट्यूब वितळते.

पाय काळे पडलेत किंवा तुटलाय. आयसी गेली का?

काळे पाय म्हणजे बहुधा चांदीच्या मुलाम्यावर चढलेला सल्फाइडचा थर. शाईच्या खोडरबराने प्रत्येक पाय हलका घासा आणि आयपीएने पुसा. असे पाय ठिसूळ झालेले असू शकतात, वारंवार वाकवू नका. पाय तुटलेला असेल पण एक मिलिमीटर खुंट शिल्लक असेल, तर त्याला रेझिस्टरच्या तारेचा तुकडा सोल्डर करा आणि ती आयसी कायमची एका गोल पिनांच्या बेसमध्ये बसवून टाका. पुढे हाताळायचा तो बेस, आयसी नाही. पाय अगदी मुळाशी तुटला असेल तर छोट्या फाइलने प्लॅस्टिक थोडं घासून आतला धातू उघडा करता येतो. दुर्मिळ आयसीसाठी हा खटाटोप करण्यासारखा आहे.

टीटीएल आयसी कशा तपासायच्या?

लॉजिक आयसी तपासणारे प्रोग्रामर (आयसी वाचणारी-लिहिणारी यंत्रं) ७४ आणि ४००० मालिकेच्या आयसी सेकंदात तपासतात. पण ती तपासणी मंद वेगाने आणि भाराविना होते. पास झालेली आयसीसुद्धा दहा इनपुटांचा भार पेलेलच असं नाही. जोडीला सप्लायचा करंट पाहा. ७४एलएस०० ला डेटाशीटनुसार जास्तीत जास्त ४.४ मिलिअँपिअर लागतात. ती ४० घेत असेल तर लॉजिक बरोबर असूनही तिला फेका.

८०८५ चालते की नाही हे बोर्डाविना कसं कळेल?

फ्री-रन करून. कल्पना अशी की डेटा बसवर सतत ००एच (‘एच’ म्हणजे हेक्स आकडा), म्हणजे ‘काही करू नको’ ही एनओपी सूचना, दिसेल अशी व्यवस्था करायची. मग प्रोसेसर काहीच न करता पत्त्यांमागून पत्ते मोजत राहतो.

ब्रेडबोर्डवर पिन ४० ला ५ व्होल्ट, २० ला ग्राउंड, आणि दोन्हींच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. पिन १ आणि २ वर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन्हींकडून ग्राउंडला २० पिकोफॅरड. पिन ३५ रेडी ही ५ व्होल्टला. पिन ५ ते १० आणि ३९ ग्राउंडला. पिन ३६ रीसेट: ५ व्होल्टकडून १० किलो-ओहम, ग्राउंडला १० मायक्रोफॅरड. डेटाच्या पिना १२ ते १९ प्रत्येकी ४.७ किलो-ओहममधून ग्राउंडला. त्या सरळ ग्राउंडला जोडू नका! ८०८५ मध्ये याच पिनांवरून पत्त्याचा खालचा अर्धा भागही बाहेर येतो. सरळ जोडल्या तर आउटपुट ग्राउंडशी शॉर्ट होतं.

आता पिन ३७ वर ३.०७२ मेगाहर्ट्झ दिसले पाहिजेत. ते दिसले की ऑसिलेटर जिवंत. एनओपीला चार क्लॉक लागतात, म्हणून ए८ (पिन २१) वर १५०० हर्ट्झ आणि पुढच्या प्रत्येक पिनेवर निम्मे निम्मे होत ए१५ (पिन २८) वर सुमारे ११.७ हर्ट्झ. ऑसिलोस्कोप नसेल तर ५ व्होल्टकडून एक एलईडी आणि २.२ किलो-ओहम पिन २८ ला जोडा. लुकलुकताना डोळ्यांना दिसेल. रेझिस्टर कमी करू नका, ही पिन २ मिलिअँपिअरच ओढू शकते.

जुनी एनमॉस ८०८५ ए १७० मिलिअँपिअरपर्यंत घेते आणि हाताला गरम लागते. ते बिघडल्याचं लक्षण नाही. बोट ठेववत नसेल तर मात्र सप्लाय बंद करा.

८२५५ कशी तपासायची?

चालू ८०८५ कार्डावर. कंट्रोल रजिस्टरला ८०एच लिहा म्हणजे तिचे तिन्ही पोर्ट (आठ-आठ पिनांचे गट) आउटपुट होतात. मग प्रत्येक पोर्टला ५५एच आणि एएएच लिहून परत वाचा, आणि मल्टिमीटरने पिनाही पाहा. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांतून आलेल्या ८२५५ मध्ये बहुधा एखादाच बिट मेलेला असतो, कारण कुणीतरी मोटर किंवा रिले थेट जोडलेला असतो. अशी आयसी फेकू नका. पाठीवर ‘पीए३ मृत’ अशी चिठ्ठी लावा. बाकीचे २३ बिट कामाचे आहेत.

खिडकीची ईप्रॉम पुसण्याआधी आणि पुसताना काय जपायचं?

पुसण्याआधी वाचा. नेहमी. फाइल साठवा, तीनदा वाचून तिन्ही फाइल सारख्या आहेत का पाहा, आणि फाइलच्या नावात चिकटपट्टीवरचा मजकूर घाला. एखाद्या यंत्राचं फर्मवेअर जगात त्या एकाच तुकड्यात उरलेलं असू शकतं. पुसल्यावर ते परत येत नाही. वाचताना फाइल जुळत नसतील तर पायांचा गंज साफ करून पुन्हा प्रयत्न करा.

पुसायला २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो. नखांच्या जेलचे दिवे आणि नोटा तपासायचे निळे-जांभळे दिवे ३६५ नॅनोमीटरच्या पुढचे असतात. त्यांनी आठवडाभर ठेवूनही काही होत नाही. जंतुनाशक ट्यूब लागते, तीही बंद खोक्यात, कारण हा प्रकाश डोळे आणि कातडी भाजतो. डेटाशीटांत एका चौरस सेंटिमीटरला १५ वॅट-सेकंद असं माप असतं. १२,००० मायक्रोवॅटच्या दिव्याखाली, अडीच सेंटिमीटरवर, ते साधारण २० मिनिटांत पुरं होतं. खिडकीवरचा चिकटपट्टीचा गोंद आधी आयपीएने पुसा. मिनिटं वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण तोच गोंद असतो. सगळे बाइट एफएफ दिसल्यावर आणखी पाच मिनिटं द्या, कडेवरचे सेल नीट रिकामे होतात. पुन्हा लिहिल्यावर खिडकी अपारदर्शक पट्टीने झाका. थेट उन्हात आठवडाभरात मजकूर पुसला जाऊ शकतो.

लिहिण्याचा व्होल्टेज हा खरा सापळा. इंटेलच्या २७१६ आणि २७३२ ला २५ व्होल्ट, २७३२ए आणि २७६४ ला २१, २७६४ए ला १२.५. नावातलं एक ‘ए’ विसरून २१ व्होल्ट दिले तर आयसी जागीच मरते. उलट, अनेक स्वस्त प्रोग्रामर १८ व्होल्टच्या वर जात नाहीत. त्यांवर जुनी २७३२ लिहिली जात नाही आणि लोक चांगली आयसी खराब समजून टाकतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस२७१६ तर वेगळीच आहे, तिला तीन सप्लाय लागतात. इंटेलच्या २७१६ शी जुळते ती टीएमएस२५१६.

लॉक केलेला मायक्रोकंट्रोलर किंवा जीएएल पुन्हा वापरता येतो का?

वाचता येत नाही, वापरता येतो. एटी८९सी५१ (८०५१ घराण्यातली मायक्रोकंट्रोलर आयसी) पूर्ण पुसली की लॉक बिटही पुसले जातात. तिची हमी १००० वेळा लिहिण्यापुसण्याची आहे, तेव्हा प्रयोगांत वारंवार लिहून-पुसून घासलेल्या आयसीवर खूण करा. जीएएल१६व्ही८ विजेने पुसता येते, तिची हमी १०० वेळांची. पीएएल, म्हणजे जीएएलची जुनी बहीण, मात्र एकदाच लिहिता येते. तिच्यावर वेळ घालवू नका. एव्हीआर मायक्रोकंट्रोलर आयसी प्रोग्रामरला उत्तर देत नसेल तर मेली म्हणू नका; आधीच्या माणसाने बहुधा फ्यूज (आतल्या सेटिंगचे बिट) बाहेरच्या क्लॉकवर ठेवलेले असतात. एक्सटल१ पिनेवर १ मेगाहर्ट्झचा चौकोनी तरंग द्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

७४एलएसच्या जागी ७४एचसी चालेल का?

भोवती सगळं एलएस असेल तर नाही. एलएसचं ‘हाय’ २.७ व्होल्ट इतकं खाली येऊ शकतं, आणि ५ व्होल्टवर एचसीला ‘हाय’ कळायला ३.५ लागतात. टेबलावर चालतं, दुपारी गरम झालं की अडखळतं. तिथे एलएसचं ‘हाय’ ओळखणारी ७४एचसीटी लावा.

काढलेल्या आयसी कशात ठेवायच्या?

थर्मोकोलमध्ये नाही. आपल्याकडे सगळ्या लॅबमध्ये आयसी थर्मोकोलच्या तुकड्यावर टोचलेल्या दिसतात, आणि सीमॉस आयसीसाठी स्थिर वीज साठवणारी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. दुसरं काही नसेल तर थर्मोकोलवर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळा आणि त्यातून टोचा. काळा अँटीस्टॅटिक फोम उत्तम, पण नवा. जुना, हाताला चिकटणारा, भुगा होणारा काळा फोम पायांना गंज चढवतो. प्रत्येक आयसीसोबत चिठ्ठी असू द्या: कुठून काढली, कशी तपासली, कधी.

जास्तीच्या आयसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत विकता येतील का?

‘वापरलेली’ असं सांगून विका. घासून, वरून नवा नंबर छापून नव्या म्हणून विकलेल्या आयसी बाजारात आधीच पुष्कळ आहेत. स्वतः घेताना ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने पाठ पुसून पाहा: कापूस काळा झाला तर वर रंगाचा थर दिलेला आहे.

सोन्यासाठी सिरॅमिक आयसी मागायला लोक येतात. द्याव्या का?

चालणारी आयसी देऊ नका. एका आयसीवरचं सोनं अगदी थोडं असतं, आणि ते ॲसिडने काढताना निघणारे धूर व उरलेलं पाणी माणसाला आणि विहिरींना नासवतं. रेडिओ ट्रान्समीटरच्या बोर्डांवरचे पांढऱ्या सिरॅमिकचे पॉवर ट्रान्झिस्टर तर फोडू किंवा घासूही नका. त्यांत बेरिलियम ऑक्साइड असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

उरलेल्या बोर्डांचं काय करायचं?

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उरलेले बोर्ड नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत जवळचं केंद्र सापडतं. सकरमधून निघालेलं सोल्डर झाकणाच्या डब्यात वेगळं साठवा आणि बोर्डांसोबत तेही द्या. त्यात शिसं आहे, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका.